बंद पडलेल्या खाणीवर पुन्हा रान उभे करणे, हा आयुष्यभराचा पेशा होऊ शकतो का?

उजाड माळ:

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका गावात राहतो. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली ३ वर्षे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पर्यावरण विभागात नोकरी करतो आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नोंदी ठेवणे, अहवाल तयार करणे आणि हरितपट्ट्यातील झाडांना टँकर वेळेवर येतो की नाही हे पाहणे, असे माझे काम आहे. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या ओढीने मी हा विषय घेतला, ती या कामात भागत नाही.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दगडाची एक जुनी खाण आहे. क्षेत्र साधारण ६ एकर. क्रशर बंद होऊन ९ वर्षे झाली. उत्तरेला ४० फुटांचा उभा कडा आहे, मधोमध दिवाळीपर्यंत पाणी धरणारा खड्डा आहे, आणि उरलेला सगळा भाग डंपरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेला मुरूम आणि कच यांचा आहे. गावाकडच्या बाजूला कोणीतरी रात्री ट्रॉल्या रिकाम्या करून फौंड्रीतील, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातील, काळ्या वाळूचे ढीग टाकून ठेवले आहेत. माझे आजोबा या जागेला अजूनही गवताचा माळ म्हणतात, कारण त्यांच्या तरुणपणी गावातली निम्मी जनावरे तिथल्या गवतावर पोसली जात होती.

दोन वर्षांपूर्वी तरुण मंडळाने जूनच्या पहिल्या पावसात तिथे ४०० रोपे लावली. वड, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहर, जी रोपवाटिकेत मिळाली ती. आम्ही उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन पाणी घातले. तरीही आज त्यांतील ११ रोपे उभी आहेत. एक मेलेला कडुनिंब मी उपटून पाहिला, तेव्हा त्याचे मूळ खड्ड्याच्या आतच गोल फिरलेले होते, काळे पडले होते आणि त्याला कुबट वास येत होता.

माझे तीन प्रश्न आहेत. रोपे का मेली? अशा जागेवर सुरुवात कुठून करावी? आणि उद्योगांनी वापरून टाकून दिलेल्या जमिनीवर पुन्हा पशुपक्षी, कीटक, गवत परत आणण्याचे काम आयुष्यभराचा पेशा म्हणून करता येते का? वडील ३० वर्षे फौंड्रीत मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करण्याच्या, कामावर आहेत. त्यांचे म्हणणे असे की झाडे रविवारी लावावीत आणि पगार महिन्याला घ्यावा. त्यांना द्यायला माझ्याकडे आज उत्तर नाही.

कातळफूल:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच उपटून पाहिले आहे. ती रोपे उन्हाळ्यात तहानेने मेली असे तुम्हाला वाटते आहे, परंतु त्यांतील बहुतेक रोपे आषाढ-श्रावणातच बुडाली असावीत. खाणीचा तळ म्हणजे अखंड काळा कातळ आणि त्यावर चेपून बसलेला मुरूम. त्यात दीड फूट खोल खड्डा घेतला की तळाला भोक नसलेली कुंडी तयार होते. आपल्याकडे पाऊस लागला की ती आठवडेच्या आठवडे भरून राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वर पाने हिरवी दिसतात म्हणून कोणाला संशय येत नाही. ऑक्टोबरचे ऊन तापले की ते रोप माना टाकते, आणि आपण त्याला आणखी पाणी घालत राहतो. मीही घातले आहे.

म्हणून अशा जागी खड्डा खणण्याऐवजी वरंबा घालावा. तलावाचा गाळ, मुरूम आणि लेंडीखत एकत्र करून कमरेइतक्या उंचीचे ढीग उताराला आडवे टाकावेत. शक्य असेल तिथे रिपर (जमीन फाडणारे अवजार) लावून तळ फाडून घ्यावा, म्हणजे पाण्याला आणि मुळांना वाट मिळते. आणि आधी झाड न लावता गवत आणावे. तुमच्याकडे मेंढरांचे कळप उतरत असतील, तर शेतात बसवतात तशा मेंढ्या चार रात्री त्या तळावर बसवा. त्यांच्या खुरांनी वरचा थर मोकळा होतो, लेंडी पडते, आणि त्या लेंडीतून बाभळीच्या आणि हिवराच्या अशा बिया येतात ज्यांचे कठीण कवच पोटातून जाताना मऊ झालेले असते. रोपवाटिकेतील रोपापेक्षा असे बी त्या जागेला लवकर मानवते, हे मी अनेक वेळा पाहिले आहे.

या विषयात ज्या माणसाचे काम मला सर्वांत मोठे वाटते, त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. केनियात मोंबासाजवळ बांबुरी येथे १९५४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी समुद्रकाठचा प्रवाळाचा चुनखडक खणून काढला गेला आणि मागे पांढऱ्या, तापणाऱ्या, माती नसलेल्या खाणींचे वाळवंट उरले. त्याच कंपनीत काम करणाऱ्या रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञाने १९७१ साली त्या तळावर रोपे लावायला सुरुवात केली. त्यांनी २६ जातींची झाडे लावून पाहिली आणि त्यांतील केवळ तीन तगल्या. त्या तिघांत सुरू हा समुद्रकाठचा वृक्ष सर्वांत उपयोगी ठरला, कारण त्याच्या मुळांवरचे सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधून देतात आणि म्हणून तो मातीवाचूनही उभा राहू शकतो.

परंतु सुरूचे बन उभे राहिल्यानंतर खरी अडचण आली. खाली गळलेल्या सुया, म्हणजे त्याच्या सुईसारख्या हिरव्या काड्या, कुजेनात. त्यांत टॅनिन असते, त्यामुळे जिवाणू त्यांना लवकर हात लावत नाहीत. सुयांचा थर साठत राहिला आणि माती काही होईना. एके दिवशी हॅलर यांना लाल पायांची एक वाणी त्या सुया खाताना दिसली. वाणी, म्हणजे हात लागताच नाण्यासारखा गोल होणारा तोच किडा, ज्याला मुले पैसा म्हणतात. त्यांनी आजूबाजूच्या रानातून शेकडो वाणी गोळा करून त्या बनात सोडल्या. वाणींनी सुया चावून बारीक केल्या, त्यांच्या विष्ठेवर जिवाणू वाढले आणि खडकावर काळ्या मातीचा पातळ थर जमू लागला. त्या मातीवर पुढे इतर झाडे आली, सुरूची विरळणी करून त्यांना उजेड दिला गेला, तळी झाली, मासे आले, पक्षी आले, आणि नंतर हरणे, जिराफ, पाणघोडे तिथे राहू लागले. आज ते उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ही हकिकत सांगताना मी प्रत्येक वेळी एक गोष्ट बजावते. हॅलर यांनी सुरू लावला म्हणून आपण सुरू लावायचा नाही. त्यांनी त्या जागेत काय अडले आहे ते वाकून पाहिले, आणि अडलेली ती एकच गोष्ट आणून दिली. आपल्याला शिकायचे ते हे वाकून पाहणे.

मला ते फार उशिरा जमले. पंचविशीत असताना मी आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका बॉक्साइट खाणीवर वनस्पतितज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तुम्हाला माहीत असेल की राधानगरी, शाहूवाडी या भागांतील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, वरचा जांभा काढून त्याखालचे बॉक्साइट नेले जाते. खणून झालेल्या भागात काढलेला राडारोडा परत भरायचा आणि त्यावर झाडे लावायची, अशी पद्धत होती. आम्ही ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती भराभर वाढली, छायाचित्रांत हिरवीगार दिसली, आणि माझ्या अहवालाचे कौतुक झाले. सात-आठ वर्षांनी मी त्या झाडांखाली गेले तेव्हा पायाखाली नुसता वाळक्या पानांचा थर होता. गवताची काडी नव्हती, एकही फूल नव्हते, पक्ष्याचा आवाज नव्हता.

त्याच दिवशी, भाद्रपदातली दुपार होती, मी त्या लागवडीच्या पलीकडे, यंत्र जिथपर्यंत पोहोचले नव्हते तिथे गेले. मूळ सड्याचा जेमतेम खोलीएवढा तुकडा शिल्लक होता. त्यावर दोन बोटे माती आणि तिच्यावरून सरकणारे पाणी. मी गुडघे टेकले. माझ्या तळव्याएवढ्या जागेत सीतेची आसवे जांभळी फुलली होती, गेंदाची पांढरी बोंडे होती, आणि दवबिंदूच्या एका तांबड्या पानावर चिकटलेले चिलट अजून पाय हलवत होते. सडा कधी जंगल नव्हताच. तो दगडावरचा चार महिन्यांचा बगीचा होता, आणि मी त्याच्यावर आठ वर्षे झाडे लावून त्याची दुरुस्ती केल्याचे लिहून देत होते. त्या दिवसानंतर माझ्या कामाची दिशा बदलली. एका तुकड्यावरची झाडे काढायला मी परवानगी मिळवली, शेजारी नव्याने खणल्या जाणाऱ्या भागावरची वरची पातळ माती ढीग न लावता थेट तिथे पसरली, कारण माती ढिगात वर्षानुवर्षे पडली की तिच्यातले बी मरते. तिसऱ्या पावसाळ्यात गेंद आला. पाचव्या पावसाळ्यात कवल्याची पिवळी फुले दिसली. अजून मूळ सड्यासारखे काही झालेले नाही, आणि माझ्या हयातीत होईल असे मला वाटत नाही.

तुमची जागा सड्याची नाही, गवताच्या माळाची आहे, हे तुमच्या आजोबांनी सांगितलेच आहे. त्यांना त्या माळावरच्या गवतांची नावे विचारा आणि लिहून ठेवा. कुसळी होते का, पवन्या होता का, मारवेल होती का? बोरी, करवंदीच्या जाळ्या कुठे होत्या? ही यादी ज्या दिवशी तुमच्या वहीत येईल, तो तुमच्या कामाचा पहिला दिवस असे मी म्हणेन.

ओतकाम:

मी धातुशास्त्राचा माणूस, ३४ वर्षे ओतशाळांत काढली. झाडांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु त्या काळ्या वाळूविषयी आहे. वरच्या चर्चेत ती बाजूला राहू नये म्हणून लिहितो.

कोल्हापूरची ओळख फौंड्रीने झाली आणि त्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे, पण वापरून झालेल्या वाळूचे काय करायचे हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे गावांच्या कडेला ढकलत आलो, हे मान्य केले पाहिजे. सगळी काळी वाळू एकसारखी नसते. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. तिचा काळा रंग पाहून लोक घाबरतात, पण ओतकाम लोखंडाचे असेल तर तिच्यातून सहसा फार घातक काही सुटत नाही. कोअरसाठी, म्हणजे ओतीव वस्तूतील पोकळी राखणाऱ्या आतल्या साच्यासाठी, वापरलेल्या वाळूत मात्र राळ असते, आणि फिनॉलयुक्त राळ असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर फिनॉल हे विषारी रसायन खाली झिरपू शकते. पितळ-ब्राँझच्या ओतकामातील वाळूत तांबे, जस्त, शिसे येण्याची शक्यता जास्त. ढीग कोणत्या ओतशाळेतून आला हे कोणी सांगणार नाही, पण ढिगातच उत्तर सापडते. कोअरचे न फुटलेले कडक तुकडे दिसतात का, हिरवट खपल्या दिसतात का, हे पाहा.

त्यानंतर प्रत्येक ढिगातून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सामू (पीएच), क्षारता, फिनॉल आणि जड धातू तपासून घ्या. नुसत्या वाळूची तपासणी पुरेशी नाही. वाळूतून पाण्यात काय उतरते याची तपासणी मागा, कारण गावाच्या विहिरीला धोका असलाच तर त्या उतरलेल्या पाण्याचा. अहवाल हातात येईपर्यंत ढीग उकरू नका आणि सपाट करू नका. तुमच्या मंडळाचा उत्साह मला दिसतो आहे, पण कोरड्या दिवसांत ही वाळू उकरली की उडणारी बारीक सिलिका फुप्फुसात जाते. मोल्डिंगवर ३० वर्षे काढलेल्या तुमच्या वडिलांना हे वेगळे सांगायला नको.

अहवाल चांगला आला तर तीच वाळू पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याच्या भरावासाठी उचलून नेणारे लोक मिळतात. वाईट आला तर तो विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे आणि तिथे लेखी अर्जच करावा; स्वतःच्या हाताने मातीखाली गाडून टाकू नये. आणि ज्या भागात धातू सापडतील तिथे बोर, जांभूळ असे खाण्याजोगे काही लावू नका, शेळ्याही चरू देऊ नका. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अँथनी ब्रॅडशॉ यांनी ब्रिटनमधील जुन्या धातुखाणींच्या राडारोड्यावर उगवणाऱ्या गवतांचा अभ्यास करून असे दाखवले की एकाच जातीच्या गवताची तिथली पिढी तांबे आणि शिसे सहन करते आणि काही पावलांवर चांगल्या जमिनीत वाढलेली तीच जात त्या राडारोड्यावर लावली तर मरते. म्हणून त्या ढिगावर ९ वर्षांत आपोआप जे उगवले असेल, ते तण म्हणून उपटू नका. त्या जागेने स्वतः निवडून ठेवलेले ते बियाणे आहे.

टिटवी:

मला एवढीच विनंती करायची आहे की त्या ४० फुटांच्या कड्याला हात लावू नका. खाण सुधारायची म्हटले की लोक पहिल्यांदा कडा उतरता करतात आणि खड्डा बुजवतात. आपल्या पंचक्रोशीतील जुन्या खाणींच्या कपारींत शृंगी घुबडाची जोडी राहते, हे मी स्वतः गेली १२ वर्षे पाहत आले आहे. हा पक्षी घरटे बांधत नाही, कपारीतील उघड्या मातीवरच अंडी घालतो, आणि रात्रभरात शेतातले उंदीर टिपतो. कड्याखाली करड्या रंगाच्या, केसांनी आणि बारीक हाडांनी भरलेल्या गोळ्या पडलेल्या दिसल्या तर समजा की तो तिथे आहे. कोणतेही यंत्र नोव्हेंबर ते एप्रिल या विणीच्या काळात आत नेऊ नका. जागा कोणालाही सांगू नका, अगदी इथेही लिहू नका, कारण अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडणारे लोक आपल्या भागात आहेत.

तसाच सगळा तळ हिरवा करण्याचा आग्रहही धरू नये. टिटवी खडीवरच अंडी घालते. वेडा राघू मातीच्या उभ्या कापात बीळ करतो. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळ कॅन्व्ही विक नावाची जागा आहे. तिथे तेलशुद्धीकरण कारखाना उभारायला घेतला होता, वाळू पसरली, डांबराचे गोल चौथरे बांधले आणि काम सोडून दिले. काही दशकांत त्या उघड्या वाळूवर आणि फुटक्या डांबरावर इतक्या दुर्मीळ मधमाश्या, भुंगेरे आणि फुलपाखरे आली की २००५ साली तिला संरक्षण द्यावे लागले. आता तिथले लोक झुडपे वाढून जागा झाकली जाऊ नये म्हणून कष्ट घेतात. नॉटिंगहॅमजवळच्या ॲटनबरो येथे १९२९ पासून खडी काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरले आणि १९६६ साली ते पक्ष्यांचे राखीव क्षेत्र झाले. आपला रंकाळाही मुळात दगडाची खाण होता, असे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तुमच्या खड्ड्याची एक बाजू मात्र उतरती करून घ्या. सरळ तुटलेल्या काठावरून बेडूक वर येऊ शकत नाही, बगळ्याला उभे राहायला उथळ पाणी मिळत नाही, आणि पोहायला गेलेल्या पोरालाही बाहेर पडता येत नाही. आमच्या शेजारच्या गावात असा एक मुलगा गेला. त्यामुळे हे काम झाडांच्या आधी करा.

उजाड माळ:

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. रविवारी आजोबांना पाठीमागे बसवून गाडीने खाणीपर्यंत नेले. त्यांनी सतरा गवतांची नावे सांगितली. त्यांतली पाच मला पुस्तकातही माहीत नव्हती. वाळूच्या ढिगाजवळ मी एक जुना लाकडी ठोकळा उलटला तेव्हा त्याखाली वाणी होत्या, सात-आठ. कड्याखाली तशा गोळ्या दिसल्या. पुढचे काही लिहीत नाही.

सातबारा काढला. जागा गायरान आहे आणि दगडाच्या परवान्याची मुदत कधीच संपली आहे. ग्रामपंचायत ठराव करायला तयार आहे. ढिगांचे नमुने वडिलांनीच घेतले. मी काही न सांगता त्यांनी तोंडाला रुमाल बांधला आणि कोअरचे तुकडे वेगळे काढून ठेवले.

कातळफूल ताई, माझा तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. आपण यावर पोट भरले आहे का, हे मी सरळ विचारतो, राग मानू नये.

कातळफूल:

राग कसला, हा प्रश्न मला माझ्या आईने २६ वर्षे विचारला.

पोट भरले, पण कधीही केवळ एकाच कामावर नाही. पहिली १० वर्षे पगार होता. त्यानंतर मी पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अहवालांत परिसंस्था आणि जैवविविधता या विषयाची तज्ज्ञ म्हणून काम केले; त्यासाठी मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेबरोबर नोंदणी असावी लागते आणि तुमचे शिक्षण त्याला पुरेसे आहे. या कामात पैसा आहे, परंतु मोहही आहे, कारण अहवालासाठी पैसे देणाऱ्याला जे वाचायचे असते ते लिहून देणारे पुष्कळ असतात. मी दोन कामे सोडली, त्याचा आर्थिक फटका बसला. खाणींना टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो, आणि खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. म्हणजे गवताविषयी नीट माहिती असलेल्या माणसाची गरज आता कागदावर आली आहे. कारखान्यांना मंजुरी देताना हरितपट्ट्याची अट सहसा असतेच, ती तुम्ही रोज पाहताच आहात. तो पट्टा देशी झाडांचा, झुडपांचा आणि गवतांचा करून दाखवणे, ही तुमच्या आजच्या नोकरीतच होण्यासारखी गोष्ट आहे, आणि म्हणून नोकरी लगेच सोडू नका असे मी सांगेन.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीबद्दल एक इशारा देते. हा निधी बहुधा वर्षाच्या हिशेबाने येतो आणि मार्चअखेर लावलेल्या रोपांची संख्या मागतो. माती वर्षाच्या हिशेबाने तयार होत नाही. ३ वर्षांच्या देखभालीचा लेखी करार नसेल तर मी आता काम घेत नाही. त्याऐवजी माझा खात्रीचा आधार ठरली ती रोपवाटिका. पश्चिम भागातील देवरायांच्या आसपास पडलेले बी, गावकऱ्यांच्या संमतीने आणि थोडे थोडेच, गोळा करून मी देशी रोपे करते. गुरुग्राममध्ये अरवलीच्या जुन्या खाणींवर जे जैवविविधता उद्यान उभे राहिले, तिथेही मुख्य अडचण हीच होती की हवी ती झाडे कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नव्हती. त्यांनी मांगर बनी या देवराईसारख्या राखलेल्या रानातून बी आणून ती झाडे स्वतः वाढवली. आपल्या जिल्ह्यात पवन्याचे किंवा मारवेलीचे बी पोत्याने देऊ शकेल असा माणूस शोधून पाहा, म्हणजे हा धंदा किती मोकळा पडला आहे हे कळेल.

शिकण्यासाठी लांब जायचे असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीतून परिसंस्था पुनरुज्जीवनाची मराठी माणसांची एक पिढी घडली. आणि सर्वांत जवळ शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, ज्याच्या उद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. तिथे जाऊन नुसते उभे राहिलात तरी पुष्कळ समजेल. पण जोधपूरचे उदाहरण मला या सगळ्यांपेक्षा जवळचे वाटते. मेहरानगड किल्ल्याखालच्या ७० हेक्टर कातळावर विलायती बाभूळ माजली होती आणि २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे वाळवंटी खडकावरचा मूळ झाडोरा परत आणण्याचे काम सुरू झाले. ती बाभूळ कातळाच्या भेगांतून मुळासकट काढणे कोणत्याही यंत्राला जमेना. ते जमले खंडवालियांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या तिथल्या लोकांना, जे हातोडा वाजवून खडक आतून कुठे सैल आहे ते ओळखतात. तुमच्या खाणीवर ज्यांनी सुरुंगाची भोके पाडली आणि घण मारले, ती वडार कुटुंबे अजून आसपास असतील. भेग कुठे आहे, पाणी कुठे मुरते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. त्यांना मजुरीवर बोलवू नका, आधी विचारायला जा.

वडिलांना काय सांगायचे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. नमुने घेताना त्यांनी कोअरचे तुकडे वेगळे काढले, यावरून मला तर वाटते की ते कामाला लागले आहेत.

उजाड माळ:

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाच ढिगांपैकी चार ढिगांत काळजीचे काही नाही. पाचव्यातून पाण्यात उतरणारे फिनॉल जास्त आहे, आणि वडिलांनी वेगळे काढलेले तुकडे त्याच ढिगातले होते. त्या ढिगाभोवती चर मारून पाणी वळवले आहे, वर ताडपत्री टाकली आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज दिला आहे.

खड्ड्याची दक्षिण बाजू उतरती करण्याचे काम मेमध्ये होईल. तोपर्यंत कड्याच्या बाजूला कोणी फिरकणार नाही, असा शब्द तरुण मंडळाने दिला आहे. दोन धनगर कुटुंबांशी बोलणे झाले, परतीच्या वाटेवर ते चार रात्री थांबतील. नोकरी सध्या चालू ठेवतो आहे. आजोबांनी सांगितलेल्या सतरा गवतांपैकी नऊ गवते गावाच्या दुसऱ्या बाजूच्या बांधांवर सापडली. त्यांचे बी कापडी पिशव्यांत भरून, नाव आणि तारीख लिहून, वडिलांनी माळ्यावर टांगून ठेवले आहे, म्हणजे उंदीर लागणार नाहीत. उरलेल्या आठ गवतांचा शोध चालू आहे. त्यांतले एक, ज्याला आजोबा तांबेटी म्हणतात आणि ज्याची काडी कापल्यावर लाल होते असे सांगतात, कोणी पाहिले असेल तर कृपया कळवावे.